सांधेदुखीवरील इंजेक्शने : अपेक्षा, पुरावा आणि आमचा निर्णय



जमाखर्चाची पाने सुरू होण्यापूर्वी एखाद्या वैद्यकीय विषयाची सोप्या शब्दांत माहिती देण्याचा आपल्या अहवालाचा प्रघात आहे. यंदा जुनाट सांधेदुखी व अस्थिबंधांच्या दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांचा विषय आम्ही निवडला, त्यास दोन कारणे आहेत. ज्येष्ठ महिना लागला की आमच्या अस्थिरोग बाह्यरुग्ण विभागासमोरची रांग लांबते. पंढरीची वारी तोंडावर आलेली असते आणि “एवढी वारी पार पडेल असे एखादे इंजेक्शन द्या” ही विनंती दिवसातून अनेकदा कानी पडते. हे पहिले कारण. दुसरे कारण असे की, अशाच एका नव्या इंजेक्शन-उपचारासाठी एका हितचिंतकांनी देऊ केलेली देणगी दुसऱ्या कामाकडे वळवावी, अशी विनंती विश्वस्त मंडळाने त्यांना केली. आलेली देणगी आहे त्या स्वरूपात न स्वीकारण्याचे असे प्रसंग आपल्या संस्थेत विरळा. तेव्हा त्यामागील विचार आपणांपुढे मांडणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रस्तुत लेखन प्रशासन विभागाचे आहे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. औषधांपेक्षा आमचा परिचय खातेवहीशी अधिक. यातील वैद्यकीय भाग अस्थिरोग व भौतिकोपचार विभागांतील सहकाऱ्यांनी तपासून दिला आहे. पैसा कोठे गेला आणि त्याबदल्यात काय मिळाले, हे विचारण्याची सवय मात्र आमची स्वतःची.

दुखणे नेमके कोठे असते?

गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. त्यांच्यामधील पोकळीत वंगणासारखा द्रव असतो. हाडाला हाडाशी बांधून ठेवणारे बळकट पट्टे म्हणजे अस्थिबंध, अर्थात लिगामेंट; तर स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी म्हणजे कंडरा. वय, वजन, जुनी दुखापत आणि वर्षानुवर्षांचे कष्ट यांमुळे कूर्चा झिजते, सांध्याच्या अस्तराला सूज येते, मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि मग सगळा भार सांध्यावरच येतो. टाच, कोपर, खांदा, कंबर येथील पुष्कळ दुखणी सांध्याच्या आतील नसून अस्थिबंध व कंडरा यांची असतात. उकिडवे बसून खुरपणी करणारी शेतकरी भगिनी आणि दिवसभर उभा राहणारा दुकानदार दोघेही “गुडघा दुखतो” एवढेच सांगतात. परंतु दोघांच्या दुखण्याचे मूळ एकच असेल असे नाही. म्हणूनच कोणते इंजेक्शन, कोठे आणि कशासाठी, हा प्रश्न तपासणीनंतरच विचारावयाचा असतो.

स्टिरॉइड : लवकर आराम, अल्प मुदतीचा

फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. या संशोधनास १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात देण्याच्या पद्धतीचा अनुभव प्रसिद्ध केला. आजचे ‘गुडघ्यातील इंजेक्शन’ हे बहुधा त्याच घराण्यातील असते.

हे औषध दाह शमविते. सुजलेल्या गुडघ्याला काही दिवसांतच आराम पडतो आणि तो काही आठवडे टिकतो. मात्र २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत गुडघ्यावरील २७ चाचण्या एकत्र तपासल्या असता, काळ लोटेल तसा हा लाभ ओसरतो आणि सहा महिन्यांनंतर त्याचा मागमूस आढळत नाही, असे दिसून आले. २०१७ साली बोस्टनच्या टफ्ट्स वैद्यकीय केंद्रातील संशोधकांनी १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दर बारा आठवड्यांनी स्टिरॉइड व निम्म्यांना केवळ सलाइन दिले. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या वेदनेत फरक नव्हता. उलट स्टिरॉइड घेतलेल्यांची कूर्चा अधिक झिजली होती. कोपराच्या दुखण्याचा, ज्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात त्याचा, अनुभवही असाच आहे. ऑस्ट्रेलियात १६५ रुग्णांवर झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्टिरॉइड घेतलेल्यांना आराम लवकर पडला, परंतु वर्षाअखेर त्यांची स्थिती नुसते सलाइन घेतलेल्यांपेक्षा वाईट होती.

याचा अर्थ हे औषध टाकाऊ आहे असा नव्हे. एखाद्या रुग्णाला वेदनेमुळे व्यायामच सुरू करता येत नसेल, तर एखादे इंजेक्शन त्याला ती संधी मिळवून देते. ते उसनवारीसारखे आहे : अडीअडचणीला घ्यावे, पण त्यावर संसार चालवू नये.

वंगणाचे इंजेक्शन

सांध्यातील द्रवाचा एक घटक म्हणजे हायलुरॉनिक आम्ल. प्रारंभी ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून मिळविले जाई. आता जिवाणूंच्या साह्यानेही तयार करतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी गुडघ्यासाठी त्यास १९९७ साली मान्यता दिली. ‘आटलेले वंगण पुन्हा भरणे’ ही कल्पना इतकी सहज पटते की रुग्ण दुसरे काही विचारीतच नाहीत. परंतु सांधा म्हणजे बैलगाडीचे चाक नव्हे. भरलेला द्रव तेथे फार काळ राहत नाही. २०२२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १६९ चाचण्यांचा, म्हणजे वीस हजारांहून अधिक रुग्णांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सलाइनच्या तुलनेत वेदनेत पडणारा फरक अत्यल्प, रुग्णाला जाणवेल इतकाही नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आमच्या रुग्णालयात हे इंजेक्शन सरसकट दिले जात नाही, ते याच कारणास्तव.

साखरेच्या पाण्याचे इंजेक्शन : प्रोलोथेरपी

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील शल्यचिकित्सक जॉर्ज हॅकेट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास असा विचार मांडला की, कंबरेचे व सांध्यांचे पुष्कळ जुनाट दुखणे हे सैल पडलेल्या अस्थिबंधांचे असते. अस्थिबंध जेथे हाडाला मिळतो तेथे सौम्य दाह उत्पन्न करणारा द्रव टोचला, तर शरीर स्वतःच दुरुस्तीस लागेल आणि नवे तंतू तयार होतील, ही त्यांची धारणा. त्यांचे पुस्तक १९५६ साली निघाले आणि ‘प्रोलोथेरपी’ हे नावही त्यांचेच. आज त्यासाठी प्रामुख्याने डेक्स्ट्रोज, म्हणजे आपल्या प्रत्येक वॉर्डात असते तेच ग्लुकोजचे पाणी, वापरतात. स्टिरॉइड दाह विझविते, तर प्रोलोथेरपी दाह मुद्दाम चेतविते. दोन्ही मार्ग परस्परांच्या उलट दिशेचे आहेत.

पुरावा काय सांगतो? ऑस्ट्रेलियात जुनाट कंबरदुखीच्या ११० रुग्णांवर चाचणी झाली व ती २००४ साली प्रसिद्ध झाली. ग्लुकोज घेतलेल्यांना बरे वाटले. पण त्याच जागी सलाइन टोचून घेतलेल्यांनाही जवळजवळ तितकेच बरे वाटले. याउलट अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या २०१३ च्या चाचणीत गुडघ्याच्या झिजेचे ९० रुग्ण होते. त्यांत वर्षभरानंतर ग्लुकोज घेतलेल्यांची स्थिती सलाइन घेतलेल्यांपेक्षा व घरी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा चांगली होती. एक चाचणी कंबरेची, दुसरी गुडघ्याची, दोन्ही लहान. तेव्हा ‘निरुपयोगी’ म्हणून झटकावे असे हे नाही आणि ‘हमखास’ म्हणून जाहिरात करावी असेही नाही. या उपचारात औषधाला खर्च जवळपास नाही. लागतो तो शिकलेला हात, निर्जंतुक सुई आणि अनेक खेपांची चिकाटी.

रुग्णाच्याच रक्तातून : पीआरपी

गेल्या काही वर्षांत सर्वाधिक विचारणा होते ती पीआरपीची. रुग्णाच्या शिरेतून थोडे रक्त घेऊन ते यंत्रात वेगाने फिरवितात, त्यातील रक्तबिंबिकांनी म्हणजे प्लेटलेट्सनी समृद्ध असा पिवळसर भाग वेगळा काढतात आणि दुखऱ्या जागी टोचतात. जखम भरून येताना या रक्तबिंबिका वाढीस मदत करणारी द्रव्ये सोडतात, हे खरे आहे. ‘स्वतःच्याच रक्ताने बरे होणे’ ही कल्पना मनाला भिडतेही.

लहान चाचण्यांपैकी काहींत पीआरपीचा लाभ दिसला आहे, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. परंतु २०२१ साली मेलबर्न विद्यापीठाच्या पुढाकाराने २८८ रुग्णांवर झालेली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना आठवड्याला एक याप्रमाणे पीआरपीची तीन इंजेक्शने दिली, काहींना सलाइनची. कोणाला काय दिले हे रुग्णांना कळू दिले नाही. बारा महिन्यांनंतर वेदनेतही फरक नव्हता आणि कूर्चेतही नव्हता. कोपराच्या दुखण्याबाबत त्याच वर्षी निघालेल्या कॉक्रेन समीक्षेचा निष्कर्षही निराशाजनक होता. शिवाय एका यंत्रातून निघालेली पीआरपी दुसऱ्या यंत्रातील पीआरपीसारखीच असते असे नाही, त्यामुळे रुग्णाला नेमके काय मिळाले हेच अनेकदा सांगता येत नाही.

मूलपेशी अर्थात स्टेम सेलच्या इंजेक्शनांबाबत तर संदिग्धतेस जागाच नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या ठरावीक विकारांसाठीचे प्रस्थापित प्रत्यारोपण वगळता, मान्यताप्राप्त चाचणीच्या बाहेर मूलपेशी हा उपचार म्हणून देता येत नाही. गुडघ्यासाठी कोणी त्याचे पैसे मागत असेल, तर आप्तांनी तेथेच थांबावे.

सलाइनने शिकविलेला धडा

वरील चाचण्यांत एक गोष्ट पुनःपुन्हा आली : ज्यांना केवळ सलाइन दिले, त्यांनाही बरे वाटले. त्यांची वेदना खोटी होती असा याचा अर्थ मुळीच नाही. जुनाट दुखण्याला भरती-ओहोटी असते. माणूस रुग्णालयात येतो तो बहुधा दुखणे ऐन भरात असताना, आणि त्यानंतरची ओहोटी आपण उपचाराच्या खात्यावर जमा करतो. शिवाय कोणीतरी लक्षपूर्वक तपासले, हात लावला, धीर दिला, यानेही वेदना उतरते. म्हणून “अमक्याला गुण आला” एवढ्यावर कोणत्याही इंजेक्शनचा ताळेबंद मांडता येत नाही. काहीच न देता किती गुण आला असता, ही रक्कम आधी वजा करावी लागते.

आमचे एक शिबिर

येथे आमचीही एक चूक नोंदविली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही गुडघेदुखीचे मोफत शिबिर घेतले. मोठा मंडप, मोठी गर्दी. दुपारपर्यंत स्टिरॉइडची इंजेक्शने देणे चालूच होते. त्या वर्षीच्या अहवालात किती इंजेक्शने दिली तो आकडा आम्ही अभिमानाने छापला. त्यांपैकी किती जण महिन्याने, सहा महिन्यांनी चालत होते, याची नोंद आमच्याकडे नव्हती. कारण ती ठेवण्याचे कोणाच्या मनातच आले नव्हते.

शिबिरानंतर चौथ्या दिवशी एका मावशींना त्यांचा मुलगा घेऊन आला. त्यांना मधुमेह होता. स्टिरॉइडनंतर काही दिवस रक्तातील साखर वाढू शकते, तेव्हा ती तपासत राहावी, हे गर्दीत त्यांना कोणी सांगितले नव्हते. दोन दिवस दाखल राहून त्या सुखरूप घरी गेल्या. जाताना आमच्या खोलीपाशी थांबून एवढेच म्हणाल्या, “साहेब, गुडघा बरा आहे हो. पण मला विचारलं असतं, तर मी साखरेचं सांगितलं असतं.” आम्हांला त्यावर उत्तर देता आले नाही. मोफत दिलेल्या गोष्टीचा हिशेब कोणी मागत नाही, म्हणून तो आपणच अधिक काटेकोरपणे ठेवला पाहिजे, हे त्या दिवशी कळले.

देणगी आणि निर्णय

गतवर्षी एका हितचिंतकांनी आपल्या दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ पीआरपी विभागासाठी संपूर्ण यंत्रसामग्री देऊ केली. अखेरच्या वर्षांत गुडघ्यांनी आईला जेवढे छळले तेवढे दुसऱ्या कशाने नाही, असे ते म्हणाले होते. आम्ही लगेच अंदाजपत्रक तयार केले. यंत्र देणगीतून, उपचारास शुल्क आणि त्या शिलकीतून गरीब रुग्णांची सेवा. कागदावर ते फार चांगले दिसत होते. आज कबूल करतो की, त्या बैठकीत प्रस्तावाच्या बाजूने सर्वांत जोरात आम्हीच बोललो.

भौतिकोपचार विभागाच्या प्रमुख ताईंनी तेव्हा २०२० साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी मंडळापुढे ठेवली. अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयांत गुडघ्याच्या झिजेच्या १५६ रुग्णांपैकी निम्म्यांना स्टिरॉइडचे इंजेक्शन व निम्म्यांना भौतिकोपचार दिला गेला. वर्षाअखेर भौतिकोपचार घेतलेल्यांची वेदना कमी व हालचाल चांगली होती. एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, हेही संशोधनाने दाखविले आहे. त्यानंतर ताई म्हणाल्या, “आमच्याकडे व्यायाम शिकायला लोक एकदा येतात, दुसऱ्यांदा येत नाहीत. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी त्यांना परवडत नाही. ते पैसे कोण देणार?”

आमच्या अंदाजपत्रकात हा रकाना नव्हता. धर्मादाय रुग्णालय म्हणून २००६ च्या योजनेनुसार आपण खाटांपैकी १० टक्के निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखतो आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतो. ज्या उपचाराचा लाभ सलाइनहून अधिक असल्याचे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही, त्याचे शुल्क एका रुग्णाकडून घेऊन त्यावर दुसऱ्याची सेवा करणे विश्वस्त मंडळास उचित वाटले नाही.

देणगीदारांना हे सांगण्याचे काम आमच्याकडे आले. यंत्रावर नावाची पाटी लावता येते. मांडीच्या बळकट झालेल्या स्नायूवर ती लावता येत नाही. त्यांनी आठ दिवसांचा अवधी मागितला. देणगी हातची गेली, असे आम्ही धरून चाललो होतो. नवव्या दिवशी ते आले आणि एका अटीवर संमती देऊन गेले : किती रुग्ण आले, किती टिकले आणि किती जणांना खरोखर गुण आला, हे दरवर्षी या अहवालात छापावे, आकडा वाईट असला तरी छापावा. ती अट मंडळाने एकमताने मान्य केली.

त्यानुसार भौतिकोपचार कक्षाचा विस्तार होत आहे, बाहेरगावी ठरावीक दिवशी व्यायामवर्ग घेतले जात आहेत आणि गरजूंना प्रवासखर्च दिला जात आहे. स्टिरॉइडचे इंजेक्शन तपासणीनंतर, मोजक्या वेळा व व्यायामाच्या जोडीनेच दिले जाते. ग्लुकोजचे इंजेक्शन निवडक रुग्णांना, पुराव्याच्या मर्यादा समजावून, केवळ साहित्याच्या खर्चात दिले जाते. प्रत्येक इंजेक्शनची नोंदवहीत नोंद होते आणि सहा आठवडे, सहा महिने व वर्षाने रुग्णास विचारणा केली जाते.

आप्तांनी विचारावयाचे प्रश्न

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस कोठेही असे इंजेक्शन सुचविले गेल्यास पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत :

१. दुखण्याचे निदान काय? सांध्याचे, अस्थिबंधाचे की कंडरेचे?
२. इंजेक्शनमध्ये नेमके कोणते औषध आहे? त्याचे नाव लिहून मिळेल का?
३. आराम किती काळ अपेक्षित आहे? एकूण किती खेपा व एकूण खर्च किती?
४. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, अंगात असलेला जंतुसंसर्ग किंवा नजीकच्या काळात ठरलेली सांधेबदल शस्त्रक्रिया यांचा विचार झाला आहे का?
५. सोबत कोणता व्यायाम करावयाचा?
६. इंजेक्शननंतर ताप आला, सांधा लाल व गरम झाला किंवा वेदना वाढतच गेली, तर रात्री-अपरात्री कोणाशी संपर्क साधावा? सांध्यात जंतुसंसर्ग होणे विरळा असले तरी ते गंभीर असते. त्यात एक दिवसही दवडू नये.

आणि कोणी कर्ज काढून वा दागिना मोडून हा उपचार करण्याचा विचार करीत असेल, तर त्यांनी आधी आमच्या समाजसेवा कक्षात एकवार येऊन बसावे. सल्ल्याचे मोल नाही.

समारोप

यंदा वारीपूर्वी आलेल्या रुग्णांना आम्ही इंजेक्शनाआधी मांडी बळकट करण्याचे व्यायाम शिकविले आणि पुढच्या वर्षी माघ महिन्यातच या, असे सांगितले. काही जण नाराज होऊन गेले. त्यांची नाराजी आम्हांला समजते, कारण वेदनेला धीर नसतो. त्या नाराजीचीही नोंद वहीत केली आहे. पुढील अहवालात तिचे फलित, बरे-वाईट जसे असेल तसे, आपणांपुढे ठेवू.